विकर शिवण उसवतं, केर काढत नाही

‘प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला’ अशी बातमी दर काही महिन्यांनी कुठून ना कुठून येतेच. कधी जिवाणू, कधी बुरशी, कधी एखादी अळी. वाचून हायसं वाटतं. आपण घालून ठेवलेला पसारा आवरायला निसर्गानेच कुणाला तरी धाडलं, ही कल्पना कुणालाही धीर देईल. २०१६ मध्ये जपानमधल्या जिवाणूची बातमी वाचली तेव्हा मलाही अगदी तसंच वाटलं होतं. त्यानंतर या विषयावर हाती लागेल ते वाचत गेल्यावर दोन गोष्टी मनात पक्क्या झाल्या. एक, हे विज्ञान खरं आहे आणि फार मोलाचं आहे. दुसरी, बातमीतलं ‘खाणारा’ हे क्रियापद चुकीचं आहे. त्या क्रियापदावर विसंबून सरकारं आणि कंपन्या धोरणं आखू लागल्या, तर याच मोलाच्या विज्ञानाच्या आडोशाने प्लास्टिकचा पूर आणखी वाढेल.

आधी त्या जिवाणूबद्दल. ओसाकाजवळच्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्चक्रणाची एक जागा होती. कोहेई ओदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले आणि त्यांत पेट प्लास्टिकची पातळ फिल्म टाकून वाट पाहिली. पेट म्हणजे पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट, पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांचं प्लास्टिक. एका नमुन्यात फिल्मभोवती सूक्ष्मजीव दाटीवाटीने जमले आणि फिल्म झिजायला लागली. त्या गर्दीतून वेगळ्या काढलेल्या जिवाणूला नाव मिळालं इडिओनेला साकाएन्सिस. २०१६ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे संशोधन छापून आलं. पेट पहिल्यांदा तयार झालं १९४१ मध्ये, इंग्लंडमध्ये, व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या हातून. म्हणजे अवघ्या पाऊणशे वर्षांत एका जिवाणूने या परक्या पदार्थावर गुजराण करण्याइतकी तयारी केली होती. उत्क्रांतीच्या घड्याळात पाऊणशे वर्षं म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही अपुरी. ही गोष्ट अजूनही मला थक्क करते.

तो जिवाणू नेमकं काय करतो हे समजून घ्यायला हवं. पेटचा रेणू ही दोन प्रकारच्या मण्यांची लांबच लांब माळ असते. एक मणी टेरेफ्थॅलिक आम्लाचा, दुसरा इथिलीन ग्लायकॉलचा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. दोन मण्यांमधल्या गाठीला एस्टर बंध म्हणतात. साकाईचा जिवाणू दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर काढतो. पेटेज नावाचं पहिलं विकर त्या गाठीत पाण्याचा एक रेणू घुसवून ती सोडवतं आणि माळेचे लहान तुकडे पाडतं. दुसरं विकर त्या तुकड्यांतली उरलेली गाठ सोडवतं. हाती येतात ते सुटे मणी. ते मग जिवाणू आपल्या पोटात घेतो आणि त्यांवर जगतो. म्हणजे ‘खाणं’ हा या सगळ्यातला शेवटचा टप्पा आहे. आपल्या कामाचं जे आहे ते त्याआधीच, बाहेरच्या बाहेर, उरकलेलं असतं. ते काम शिवण उसवण्याचं आहे.

आता या शोधातली ती ओळ, जी बातम्यांतून बहुतेक वेळा गळते. ३० अंश सेल्सियसला त्या जिवाणूंना पातळ फिल्म संपवायला सुमारे सहा आठवडे लागले, आणि ती फिल्म मुद्दाम मऊ रचनेची निवडलेली होती. तिच्यातल्या साखळ्या अस्ताव्यस्त होत्या, स्फटिकासारख्या एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या नव्हत्या. बाटलीत तसं नसतं. बाटली बनवताना गरम प्लास्टिक आधी ताणतात, मग साच्यात फुगवतात. त्या ताणाने साखळ्या एका दिशेला ओळीने बसतात आणि बाटलीला तिचा कणखरपणा येतो. विकराला अशा ठिकाणी शिरायला फटच मिळत नाही. साकाईच्या जिवाणूसमोर बाटली जशीच्या तशी टाकली, तर तो तिला क्वचितच काही करू शकेल.

ही अडचण सुटली ती एका वेगळ्याच वाटेने, आणि माझ्या मते हा या साऱ्या कहाणीचा सर्वांत सुंदर भाग आहे. झाडाच्या एखाद्या जाड पानावरून बोट फिरवून पाहा. गुळगुळीत, किंचित मेणचट लागतं. पाणी त्यावरून ओघळून जातं. त्या कातडीत क्युटिन नावाचा पदार्थ असतो, आणि क्युटिन रसायनशास्त्राच्या भाषेत पॉलिएस्टरच आहे. पेटमधल्याच जातीच्या गाठी तिथेही आहेत. पान गळतं, कुजतं, मातीला मिळतं, तेव्हा कुजवणारे सूक्ष्मजीव क्युटिनेज नावाच्या विकरांनी ही कातडी उसवतात. कोट्यवधी वर्षं चाललेलं काम. २०१२ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून थेट डीएनए काढून त्यात असं एक विकर शोधलं. ते पेटच्याही गाठी सोडवत होतं, आणि कंपोस्टच्या उबेत वाढलेलं असल्याने उष्णता सोसणारं होतं. प्लास्टिकच्या गाठी सोडवायची किल्ली प्लास्टिकच्या कितीतरी आधीपासून पालापाचोळ्यात पडून होती.

उष्णतेचं इतकं महत्त्व का? पाण्याच्या पातळ बाटलीत कढत पाणी ओतलं की काय होतं ते बहुतेकांनी पाहिलेलं असेल. बाटली चुरमडते, आक्रसते, तिचा आकार बिघडतो. ती वितळलेली नसते. वितळायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं. साधारण ७० अंशांला पेटमधल्या जखडलेल्या साखळ्या सैलावतात, हलू लागतात, आणि बनवताना दिलेला ताण सोडून देतात. विकराला आत शिरायची संधी नेमकी इथेच मिळते. पण विकर हे प्रथिन आहे, आणि गरम केलं की प्रथिनाची घडी मोडते. साकाईच्या जिवाणूचं विकर पन्नाशीच्या आतच निकामी होतं. म्हणजे साखळ्या सैल व्हायच्या वेळी ते जिवंतच नसतं. फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीने आणि तूलूझच्या संशोधकांनी कंपोस्टमधल्या विकरात मोजकेच बदल केले, त्याच्या घडीला एक जादा टाका घातला, आणि ते ७२ अंशांला तासन्‌तास टिकवून दाखवलं. २०२० च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी निकाल छापला: आधी वितळवून मऊ केलेल्या आणि दळलेल्या बाटल्यांच्या पेटपैकी किमान ९० टक्के भाग १० तासांत सुटा झाला. सहा आठवडे आणि १० तास. चार वर्षांतला हा फरक आहे. दोन वर्षांनी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने संगणकाला शिकवून शोधलेल्या बदलांनी ५० अंशांला काम करणारं विकर तयार केलं.

विकर जिथे हे काम करतं त्या टाकीत जिवाणू नसतो, हे इथे ठासून सांगायला हवं. विकर दुसरीकडे बनवून आणलेलं असतं. त्यामुळे सुटे मणी कुणी खात नाही, ते आपल्याला परत मिळतात. गाळून, शुद्ध करून त्यांची पुन्हा माळ ओवली की मिळणारं पेट खनिज तेलापासून बनवलेल्या नव्या पेटइतकंच नितळ आणि दणकट असतं. म्हणूनच मला ‘खाणारा’ या शब्दाची चीड आहे. कुणी खाल्लं असतं, तर हा माल हातचा गेला असता.

आज जे पुनर्चक्रण चालतं त्यात हे जमत नाही. एक रिकामी बाटली हातात घेऊन नीट पाहिली की कारण कळतं. अंग पेटचं. झाकण पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं. मानेभोवतीचं कडं झाकणाच्या जातीचं, ते बाटलीलाच राहून गेलेलं. लेबल तिसऱ्याच कशाचं तरी, आणि त्यामागे डिंक. कारखान्यात तुकडे करून पाण्यात टाकले की झाकणाचे तुकडे तरंगतात, पेटचे बुडतात, इथवर सोपं. पण त्या ढिगात पीव्हीसीचं काही शिरलं असेल तर तेही पेटबरोबर बुडतं, दोघांची घनता जवळजवळ सारखी. मग वितळवताना त्या थोड्याशा पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि सगळ्या घाण्याची नासाडी होते. शिवाय दर वेळी वितळवताना साखळ्या तुटून आखूड होतात, रंग पिवळट पडतो. म्हणून बाटलीचा धागा होतो, धाग्याचं कापड होतं, आणि कापड बहुतेक तिथेच संपतं. स्वच्छ, बिनरंगी बाटल्यांसाठी ही जुनी पद्धत स्वस्त आहे आणि चांगली आहे, तिला हात लावू नये. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

त्या बाकीच्यांमध्ये सर्वांत मोठा ढीग कपड्यांचा. पेट म्हटलं की आपल्याला बाटली आठवते, पण जगातल्या पेटचा मोठा वाटा बाटल्यांत जात नाही, पॉलिएस्टरच्या धाग्यांत जातो. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर असतात. आणि टाकून दिलेल्या कपड्यापासून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण एक टक्काही नाही. शर्टाच्या कॉलरमागची पट्टी वाचा: ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के कॉटन. ही वीण कुठल्याही यंत्राने सुटी करता येत नाही. विकर मात्र आपल्या ओळखीची गाठ तेवढी शोधतं. पॉलिएस्टर सोडवतं, कापसाला शिवत नाही, रंगाकडे ढुंकूनही पाहत नाही. वितळवण्याच्या पद्धतीला जो माल अजिबात चालत नाही, तोच विकराला चालतो. या तंत्रावर सार्वजनिक पैसा घालायचा तर तो या ढिगासाठी घालावा, असं मी म्हणेन.

इथपर्यंत मी या विज्ञानाची बाजू मांडली, आणि ती मनापासून मांडली. आता दुसरी बाजू.

विकराला गाठ लागते. पॉलिथीनमध्ये गाठच नाही. पिशव्या, वेष्टनं, दुधाच्या थैल्या, डबे, झाकणं ज्या पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीनची असतात, त्यांच्या साखळीचा कणा सलग कार्बनला कार्बन जोडून बनलेला असतो. पाण्याचा रेणू घुसवायला तिथे जागाच नाही. जगात बनणाऱ्या प्लास्टिकपैकी निम्म्याच्या आसपास माल या दोन जातींचा आहे. रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या तोंडाशी, समुद्राच्या किनाऱ्यावर जे फडफडताना दिसतं ते बव्हंशी हेच. म्हणजे डोळ्यांना खुपणारा कचरा एका जातीचा आणि विकराने सुटणारा दुसऱ्याच जातीचा. ‘प्लास्टिक’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबले की बातमी वाचणाऱ्याला वाटतं, चला, सगळंच सुटलं.

मग मेणकिड्याचं काय, असं कुणी विचारेल. स्पेनमधल्या संशोधक फेडेरिका बेर्तोकीनी यांना मधमाश्या पाळायची आवड. पोळ्यांतल्या मेणकिड्यांच्या अळ्या त्यांनी काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या, तर थोड्याच वेळात पिशवीला भोकं. त्यातून २०१७ चा शोधनिबंध आला आणि २०२२ मध्ये अळीच्या लाळेतल्या दोन विकरांचा. त्यांना नावंही देवींची दिली, डेमेट्रा आणि सेरीस. निरीक्षण विलक्षण होतं, यात वाद नाही. पण भोक पडणं आणि रेणू तुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत, दातांनी कुरतडूनही भोक पडतं. पॉलिथीनवर विकरांची क्रिया झाल्याच्या अनेक दाव्यांवर इतर शास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतलेले आहेत. कारण साधं: विकत मिळणाऱ्या पॉलिथीनमध्ये आखूड साखळ्या आणि मिसळलेली रसायनं असतात, जिवाणूंना ती पचतात, वजन थोडं घटतं आणि मूळ साखळ्या जिथल्या तिथे राहतात. पुढेमागे खरोखर काम करणारं विकर सापडेलही. सापडावं. आज ते हाताशी आहे असं धरून चालता येत नाही.

आणि समजा सापडलं. समजा एखादा जिवाणू पॉलिथीन मनसोक्त खाऊ लागला. तो खाल्लेलं कुठे नेईल? जिवाणू श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. पॉलिथीनमधला कार्बनचा एक अणू त्याच्या दोन हायड्रोजनांसह १४ वजनाचा, आणि त्यापासून होणारा कार्बन डायऑक्साइडचा रेणू ४४ वजनाचा. म्हणजे एक किलो पॉलिथीन पूर्ण पचलं तर तीन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. पेटच्या बाबतीत सव्वादोन किलोच्या वर. भट्टीत जाळल्यावरही हाच आकडा येतो. भट्टीतून निदान उष्णता तरी वापरता येते. समुद्रात जिवाणू सोडून प्लास्टिक ‘संपवायचं’ म्हणजे जमिनीतून काढलेलं तेल हळूहळू, विनाधूर जाळायचं. दिसेनासं झालं म्हणजे नाहीसं झालं, असं कार्बनच्या बाबतीत होत नाही.

शिवाय खुल्या जगात सोडलेल्या जिवाणूला टाकाऊ काय आणि कामाचं काय, हे कोण सांगणार? विजेच्या तारांवरचं वेष्टन, जमिनीतले नळ, शरीरात बसवलेली कृत्रिम रक्तवाहिनी, हे सगळं प्लास्टिक न कुजण्याच्या भरवशावरच वापरात आहे. आजचे जिवाणू इतके संथ आहेत की असा धोका तूर्तास दूरचा वाटतो. पण त्यांचा वेग वाढवणं हेच तर संशोधनाचं उद्दिष्ट आहे. म्हणून हे काम बंद टाकीत, जिवाणूविना, नुसत्या विकराने व्हावं, हा आग्रह मी केवळ काटकसरीसाठी धरत नाही.

अशीच आशा आपण आधी एकदा पाहिलेली आहे. १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलातले अनेक घटक एकट्याने पचवणारा जिवाणू तयार केला. समुद्रातली तेलगळती तो साफ करील अशी अपेक्षा होती. त्याच्या पेटंटचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की माणसाने घडवलेल्या सजीवालाही पेटंट मिळू शकतं. कायद्याच्या इतिहासात तो जिवाणू अमर झाला. समुद्रावर मात्र तो कधी उतरलाच नाही.

१९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन वाल्डेझ जहाज खडकावर आपटलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं. तेव्हा किनाऱ्यांवर नत्र आणि स्फुरदाचं खत मारून तिथल्याच सूक्ष्मजीवांना बळ दिलं गेलं, त्याचा थोडाफार उपयोगही झाला. पण तेलगळतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आटोक्यात आला तो कशाने? पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला की तेलवाहू जहाजांना दुहेरी तळ आणि दुहेरी भिंती हव्यात. मग आंतरराष्ट्रीय नियमही तसे झाले. सत्तरच्या दशकाशी तुलना केली तर टँकरमधून होणाऱ्या गळतीच्या घटना आज नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या आहेत. सांडलेलं पिणारा जिवाणू शोधण्यापेक्षा न सांडणारं जहाज बांधणं कामी आलं. ते बांधायला जहाजमालक आपणहून पुढे आले नव्हते, त्यांना भाग पाडावं लागलं.

प्लास्टिकच्या बाबतीत आज नेमका याच जागी झगडा चालू आहे. २०२२ च्या मार्चमध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने ठरवलं की प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार करायचा. २०२४ च्या अखेरीस बुसानमध्ये बोलणी फिसकटली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात पुन्हा बैठक झाली, तीही कराराविना उठली. भांडणाचं मूळ एकच. बरेच देश म्हणतात, उत्पादनावरच मर्यादा घाला. तेल आणि पेट्रोरसायनं विकणारे देश म्हणतात, उत्पादनाला हात लावू नका, फक्त कचऱ्याचं व्यवस्थापन सुधारा. ‘प्लास्टिक खाणारा जिवाणू’ ही गोष्ट, सांगणाऱ्याच्या मनात असो वा नसो, दुसऱ्या बाजूच्या पारड्यात जाऊन पडते. कचरा पचवणारं काहीतरी येऊ घातलं आहे म्हटल्यावर तोटी बंद करायची निकड कुणाला वाटणार?

आकडे या निकडीची जाणीव करून देतात. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४६ कोटी टन प्लास्टिक वापरलं गेलं आणि ३५ कोटी टनांवर कचरा झाला. त्यातला जेमतेम ९ टक्के पुनर्चक्रित झाला. आहे तसंच चालू राहिलं तर २०६० पर्यंत वापर तिपटीच्या घरात जाईल असा याच संस्थेचा अंदाज आहे. कार्बिओसने फ्रान्समधल्या लाँगलाव्हील इथे जो कारखाना योजला, त्याची क्षमता वर्षाला ५० हजार टन. विकराने पेट सोडवणारा जगातला पहिला मोठा कारखाना म्हणून त्याच्याकडे सगळे डोळे लावून आहेत. अगदी ढोबळ हिशेब केला तरी ४६ कोटी टनांना असे नऊ हजारांहून जास्त कारखाने लागतील, आणि त्यातल्या बहुतेकांना विकराने सुटणारा मालच मिळणार नाही. तो पहिला कारखानाही पैशांची जुळणी न झाल्याने लांबणीवर पडला. विज्ञान कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही. तेलापासून बनणारं नवं पेट इतकं स्वस्त आहे की जुनं उसवून पुन्हा ओवणाऱ्याला बाजारात उभं राहणं अवघड जातं. उत्पादन मोकाट आणि स्वस्त ठेवून वर पुनर्चक्रणाचं गुणगान करायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. विकराच्या बाजूने असलेल्या माणसाने तर उत्पादनावरच्या मर्यादेची मागणी सर्वांत मोठ्याने करायला हवी.

‘जैविक’ आहे म्हणजे निर्मळच असणार, हाही एक गोड गैरसमज. विकर गाठी सोडवत जातं तसं टाकीत आम्ल साचतं, ते मारायला कॉस्टिक सोडा घालत राहावं लागतं. शेवटी टेरेफ्थॅलिक आम्ल वेगळं काढायला उलट आम्ल घालावं लागतं आणि सोडियम सल्फेट या क्षाराचा ढीग उरतो. शिवाय माल आधी वितळवून चटकन थंड करायचा आणि दळायचा, ती वीज वेगळी. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये या पद्धतीचा जन्मापासून अंतापर्यंतचा हिशेब मांडला. तेव्हाच्या तंत्राने मिळवलेलं टेरेफ्थॅलिक आम्ल बहुतेक निकषांवर नव्यापेक्षाही पर्यावरणाला जड जातं, असा निष्कर्ष निघाला. हा हिशेब मांडणाऱ्यांत विकरांवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं होती, याचा मला फार आदर वाटतो. आपल्याच लाडक्या तंत्राचं वजन इतक्या निष्ठुरपणे करायला धैर्य लागतं. आणि त्याचं फळही मिळालं. याच वर्तुळातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये कॉस्टिकऐवजी अमोनियाचा मार्ग काढला. त्यात आम्ल-अल्कलीचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो, कारण अमोनिया परत मिळवून पुन्हा वापरता येतो. हिशेब उघडा ठेवला नसता, तर ही वाट सुचली नसती.

माझ्या या भूमिकेवर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. उत्पादनावर मर्यादा कधी येतील कुणास ठाऊक. आज जो कचरा साचलेला आहे, जिथे गोळा करायची कसलीच व्यवस्था नाही, तिथे निदान सूक्ष्मजीवांनी काही केलं तर काय वाईट? ज्यांच्या दारात तो ढीग आहे त्यांना थांबा, संशोधन होऊ द्या, करार होऊ द्या, असं सांगणं क्रूरपणाचं नाही का? हे मला मान्य आहे. पण त्या दारातल्या ढिगात काय असतं ते पाहिलं तर विकर तिथे सर्वांत निरुपयोगी ठरतं. माती, खरकटं, चार जातींच्या थरांची वेष्टनं, त्यात मिसळलेली रसायनं. प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी किंवा सापडणारी १६ हजारांहून अधिक रसायनं आतापर्यंत नोंदली गेली आहेत, आणि त्यांतली चार हजारांवर काळजी करण्याजोगी आहेत. विकराला वेगळा केलेला, धुतलेला, दळलेला, मापातल्या तापमानाचा माल लागतो. त्याच्याआधी माणसाने केर वेचून, निवडून आणलेला असावा लागतो. तो साकाईचा जिवाणूसुद्धा भर समुद्रात किंवा डोंगरावर सापडला नव्हता. माणसांनी बाटल्या निवडून एका जागी आणल्या होत्या, तिथे सापडला. ज्या ढिगाशेजारी लोक राहतात तिथे आज पैसा लागतो तो वेचणाऱ्यांच्या मजुरीला, त्यांच्या हातमोज्यांना, गाडीला आणि शेडला. तो पैसा प्रयोगशाळेच्या नावाने वळवला गेला तर मात्र ते खरोखर क्रूर होईल.

म्हणून सार्वजनिक पैसा देताना अटी कडक असाव्यात. ज्या मालाला वितळवण्याची पद्धत चालते तो विकराच्या कारखान्याला देऊ नये. नितळ बाटल्या पळवून दोन पद्धतींत झुंज लावण्यात काहीच हशील नाही. कारखान्याने दर किलोमागे किती वीज, किती आम्ल, किती क्षार, आणि हाती आलं ते किती, हा हिशेब जाहीर करावा. आणि विकराने सोडवलेल्या एका टनाच्या बदल्यात नवं एक टन बनवायची सूट कुणालाही मिळू नये. मागणी तयार करायचं काम कायद्याने होतं, हे युरोपीय संघाने दाखवलं आहे. २०१९ च्या त्यांच्या निर्देशानुसार पेटच्या बाटल्यांत २०२५ पासून किमान २५ टक्के पुनर्चक्रित माल हवा, २०३० पासून सगळ्याच प्लास्टिकच्या पेयबाटल्यांत ३० टक्के. कपड्यांवर असं काहीच बंधन नाही, आणि विकराचं खरं काम तर तिथेच आहे.

कपड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खुपते. त्या ६५-३५ च्या शर्टात बहुधा थोडं इलॅस्टेनही असतं, अंगावर ताणलं जावं म्हणून. शिवायला दोरा निराळा, बटणं निराळी, छपाईवर तिसऱ्याच प्लास्टिकचा थर. विकर पॉलिएस्टर सोडवेल, बाकीचं गाळणीत अडकेल, आणि कशात काय आहे हे आधी माहीत नसेल तर घाणा बिघडेल. पुन्हा ओवलेल्या पॉलिएस्टरचा शर्टही धुताना पहिल्याइतकेच सूक्ष्म तंतू पाण्यात सोडेल, कारण तो पहिल्यासारखाच पेट आहे. म्हणजे कमी कपडे, जास्त टिकणारे, आणि एकाच जातीच्या धाग्याचे, हा विचार विणतानाच करावा लागतो. शर्टात काय काय घातलं आहे ते विणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. टाकून देईपर्यंत कॉलरमागची पट्टी धुण्यात पुसट झालेली असते, किंवा टोचते म्हणून कापून टाकलेली असते. ही माहिती कपड्याबरोबर शेवटपर्यंत टिकावी यासाठी वस्तूला डिजिटल नोंद जोडण्याची तरतूद युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात केली आहे, आणि कापडाचा क्रम त्यात वरचा आहे.